खताच्या राशीला माणूस हवा

पुण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या कॉलेजात मेसच्या ओल्या कचऱ्यावरून वाद पेटला आहे. काही वर्षांपूर्वी खत करायचं यंत्र घेतलं, ते शेडमध्ये बंद पडून आहे. शेजारच्या सोसायटीने वासाची तक्रार केली. व्यवस्थापनाचं म्हणणं, मुलांना शिस्त नाही, ओला-सुका वेगळा करत नाहीत, तेव्हा सगळं पालिकेच्या गाडीत घाला. मुलांच्या एका गटाला आणखी मोठं यंत्र हवंय. "मामा, तुमच्याकडे कसं करतात ते लिहून पाठव, मी मीटिंगमध्ये वाचून दाखवतो," असं तो म्हणाला. त्याला लिहिलं तेच इथे थोडं सविस्तर मांडतो, कारण हा वाद एका कॉलेजापुरता नाही.

मी न्यूयॉर्क राज्यात इथाकाला राहतो. इथलं कॉर्नेल विद्यापीठ 1992 पासून स्वतःचं खत करतं, आणि तेही अगदी साधेपणाने. जेवणघरांतलं खरकटं, गोठ्यातलं शेण, जनावरांखालचा भुसा, ग्रीनहाऊसमधली उपटलेली रोपं असं सगळं मिसळून उघड्यावर लांबच लांब राशी घालतात. जानेवारीत चहूकडे बर्फ साचलेला असतो आणि रास उलथली की आतून भसकन वाफ येते. हाताएवढ्या दांडीचा थर्मामीटर राशीच्या पोटात खुपसून तापमान बघतात. रोगजंतू मरावेत म्हणून अशा राशींसाठी इथे रूढ निकष आहे: 55 अंश सेल्सिअसच्या वर 15 दिवस, आणि तेवढ्यात किमान 5 वेळा उलथणी. म्हणजे कुणीतरी रोज जाऊन बघायला हवं, वास घ्यायला हवा, ओल कमी-जास्त झाली तर सांभाळायला हवी. हे काम ज्याच्या नेमणुकीत लिहिलेलं आहे असा माणूस तिथे असतो.

आता शिस्तीचं. अमेरिकेतली मुलं फार शिस्तीची असतात हा आपल्याकडचा समज मला इथे राहून अजिबात पटलेला नाही. तीन रंगांचे डबे समोर असतात, वर चित्रं लावलेली असतात, तरी खत करायच्या डब्यात प्लॅस्टिकचे काटे, सॉसच्या पुड्या आणि सफरचंदावरचे बारके स्टिकर पडतातच. हे स्टिकर तर कुजतच नाहीत, तयार खतातही चमकताना दिसतात. 2018 साली या देशाच्या कचराभूमींत जे गेलं, त्यातला 24 टक्के भाग अन्नाचा होता, सगळ्यात मोठा. अशा देशाकडून आपण अन्नाची शिस्त शिकावी असं मी कुणालाही सांगणार नाही. जिथे खत नीट होतं तिथे मुलांच्या हातात फारसं काही ठेवलेलंच नसतं. ताट सरकत्या पट्ट्यावर ठेवून मुलं निघून जातात, खरकटं आतला पगारी माणूस वेगळं काढतो. शिवाय कायद्याचा रेटा आहे. 2022 पासून न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला सरासरी 2 टन किंवा त्याहून जास्त अन्न टाकणाऱ्या मोठ्या संस्थांना खाण्याजोगं अन्न दान करावं लागतं, आणि 25 मैलांच्या आत सोय असेल तर उरलेलं खताला किंवा तशा प्रक्रियेला द्यावं लागतं.

कायदा आपल्याकडेही आहे, तोही आधीपासून. 5,000 चौरस मीटरहून मोठ्या आवाराच्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हे 2016 च्या घनकचरा नियमांतच आलं. ज्ञान तर आपल्याच मातीतलं आहे. जगभर ज्या रास पद्धतीचा दाखला देतात, तिचं नावच इंदूर पद्धत. होळकरांच्या इंदुरात 1924 ते 1931 या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती बसवली. त्यांचा कच्चा माल काय, तर काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख.

म्हणून मला सगळ्यात जास्त खटकतो तो जाळलेला पाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या कुठल्याही जुन्या आवारात सकाळी फिरा, झाडलोट झाल्यावर कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग धुमसत असतो. त्याच आवारात मेसमागे भात-आमटीचं खरकटं पाणी सोडत घाण मारतं. नुसत्या खरकट्याचं खत होत नाही, ते सडतं. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण 30 ला 1 असं जुळायला कोरडा पाला लागतो. तो पोत्यांत भरून पावसाळ्यासाठी ठेवला तर वासाची निम्मी तक्रार तिथेच मिटते. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांकडे तर जमीन, गोठा, मेस, पाला सगळं एकाच कुंपणात आहे. शहरातल्या कॉलेजांना जागेची अडचण आहे हे मान्य, पण पालापाचोळा झाडण्याइतकी जागा असेल तर खताचे चार हौद बसतात.

आणि माणसं? पुण्यात ती आहेतच. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून 1990 च्या सुमारास कचरावेचक बायकांचं संघटन सुरू झालं, 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे त्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था झाली. कचरा हाताळायचं या बायकांचं कसब आपल्या कुठल्याही समितीच्या सदस्याहून जास्त आहे. विद्यापीठानेच एकदा त्यांना कष्टकरी म्हणून ओळख मिळवून दिली, मग कॉलेजांनी त्यांना ठेकेदाराच्या रोजंदारीवर का ठेवावं?

भाच्याला मी एवढंच कळवलं आहे: नव्या यंत्राच्या कोटेशनला विरोध करा. त्याऐवजी दोन कायम जागा मागा, पगार, पीएफ आणि हातमोज्यांसकट. हौदांवर पत्रा टाकून घ्या. पाला जाळायला बंदीचं परिपत्रक प्राचार्यांच्या सहीने काढून घ्या. आणि तयार खत कुणी उचलायचं, कॉलेजची बाग की जवळचा शेतकरी, ते पहिली रास घालायच्या आधी ठरवा.