स्वतःच्या डीव्हीडीची प्रत आणि दोन वर्षांची कैद

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आठवडाभर एक संदेश फिरतो आहे. विकत घेतलेल्या डीव्हीडीची घरच्यासाठी प्रत काढल्यास दोन वर्षे कैद होते. लग्नाच्या डीव्हीडीलाही स्टुडिओची परवानगी लागते. डिस्कवरचे कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारी तांत्रिक सोय, कोणालाच उघडता येत नाही. आणि डिस्क शंभर वर्षे टिकत असल्याने प्रतीची गरजच नाही, असे त्यात म्हटले आहे. तो वाचून शेजारच्या काकूंनी लेकीच्या लग्नाची डिस्क कॉपी करायला दिली होती ती तशीच परत आणली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कैदेचा आकडा खरा आहे आणि संदेशाला वजन आले ते त्यामुळेच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65-अ आले आणि संरक्षणाचा तांत्रिक उपाय ओलांडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड ठरला. पण हे कृत्य 'हक्कभंग करण्याच्या उद्देशाने' झालेले असले पाहिजे, ही त्याच वाक्यातली अट संदेशातून गळली आहे. शिवाय कलम 52 खासगी किंवा वैयक्तिक कारणासाठी केलेला उचित वापर हक्कभंगातून वगळते. अर्थात, बॅकअपची परवानगी स्पष्ट शब्दांत दिली आहे ती संगणक प्रणालींनाच. चित्रपटाच्या बाबतीत वापर 'उचित' आहे की नाही हे परिस्थितीवरून ठरते, त्यामुळे प्रत ठेवून मूळ डिस्क विकणाऱ्याने या कलमाच्या भरवशावर राहू नये. हेतू न पाहता कुलूप ओलांडण्यालाच मनाई करणारा कायदा अमेरिकेचा, 1998 सालचा; संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तोच ठाण्याला लागू केला.

लग्नाच्या डिस्कचा मुद्दा तर उलटाच आहे. मोबदला देऊन चित्रीकरण करवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास कलम 17 नुसार त्याचा पहिला मालक ते करवून घेणारा असतो, म्हणजे इथे काकूच. (स्टुडिओने वरातीवर चढवलेली सिनेमातली गाणी मात्र त्यांचीही नाहीत आणि स्टुडिओचीही नाहीत.)

कुलपाविषयी संदेशकर्त्याला भलताच विश्वास आहे. नाटकांच्या जुन्या व्हीसीडींच्या स्वरूपात मुळात कुलूपच नाही, फोल्डरमधली .डॅट फाइल सरळ उचलता येते. डीव्हीडीवरील सीएसएस या कुलपाच्या पद्धतीत किल्ली अवघी 40 बिटांची, आणि ती प्रत्येक प्लेअरमध्ये बसवावीच लागते, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच दुकानात विकल्यासारखे झाले. 1999 मध्ये ते उघडणारी डीसीएसएस ही छोटी प्रणाली बाहेर पडली; त्या प्रकरणात नॉर्वेच्या योन योहानसेन या तरुणावर खटला चालला आणि 2003 मध्ये तो अपिलातही निर्दोष ठरला. कारखान्यात डिस्क छापणारा चोर कुलपासकट हुबेहूब नक्कल छापतो आणि ती कुठेही चालते. अडतो तो घरचा माणूस, कारण किल्ल्या डिस्कच्या ज्या भागात असतात तो भाग साध्या कॉपीत येतच नाही आणि पडद्यावर नुसते चौकोन दिसतात.

शंभर वर्षांच्या दाव्यासाठी आमच्या घरातले एक उदाहरण पुरेसे आहे. आईच्या एका नाटकाच्या व्हीसीडीवर कोणीतरी बॉलपेनने तिचे नाव लिहिले होते. ती डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली की 'आ' च्या कान्यातून उजेड दिसतो. व्हीसीडीतला चमकता थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालून ओरखडा गेला तर घासून निभावते, वरून गेला की त्या जागचे चित्र कायमचे गेले. डीव्हीडीचा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असल्याने तिला हा धोका कमी. पण लग्नाची डिस्क बहुधा छापलेली नसते, 'राइट' केलेली असते. तिची माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन व उष्णता त्याला मानवत नाही. काकूंची डिस्क बारा वर्षे पश्चिमेच्या खिडकीजवळच्या शोकेसमध्ये होती.

परक्याची डिस्क उतरवून वाटू नये, ही संदेशातली शेवटची ओळ तेवढी बरोबर आहे.

काकूंची डिस्क काल आमच्या लॅपटॉपवर उतरवली. मंगलाष्टकांपर्यंतच्या तीन फाइली नीट आल्या. चौथी वरातीजवळ दोनदा अडकली आणि डिस्क पुसून तिसऱ्यांदा लावल्यावर आली.