पाच मिनिटांचं काम

साताऱ्यात वहिनीचा दातांचा दवाखाना आहे. बाहेर बसायच्या खोलीत भिंतीवर टीव्ही, त्यावर पेशंटचे नंबर आणि किडलेल्या दाढांची चित्रं आळीपाळीने फिरतात. अडचण एकच. आतलं ड्रिल बाहेर ऐकू येतं आणि 'जरा गाडी बघून येतो' म्हणून जो उठतो, तो परत येत नाही.

"भावजी, त्या टीव्हीवर इंटरनेटचा रेडिओ लावून द्या ना. मंद, जुनी गाणी. पाच मिनिटांचं काम."

चित्रं फिरवणारं सॉफ्टवेअर मीच बसवलेलं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. स्टेशनच्या साइटवरून लिंक उचलली, टाकली, सेव्ह केली. गाणं नाही, पडद्यावर 'फाइल वन, इक्वल टू, एचटीटीपी' असा मजकूर उमटला. बाकावरच्या आजोबांनी चष्मा चढवून तो मोठ्याने वाचला. "हा माझा नंबर का हो?"

मी उचलली ती पीएलएस फाइल होती. तिच्यात गाणं नसतं, गाणं कुठे मिळेल त्याचा पत्ता असतो. लग्नाला जाऊन पत्रिकाच खाल्ल्यासारखं झालं.

फाइलच्या आतला पत्ता काढून तो लिंकच्या जागी टाकला. शांतता. टीव्हीवरची चित्रं म्हणजे क्रोम ब्राउझरमधलं एक वेबपान. आमचं पान एचटीटीपीएसवालं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं; स्टेशन नुसतं एचटीटीपीवालं, म्हणजे बिनसुरक्षेचं; ब्राउझरला ही सोयरीक मान्य नव्हती. दुसरं, तोलामोलाचं स्टेशन शोधलं. तरी शांतता. क्रोमचा 2018 पासून नियम आहे : कुणी पानावर क्लिक केल्याशिवाय त्याने आपणहून आवाज करायचा नाही. (हा नियम माणसांना का नाही?) टीव्हीमागच्या डबीला, म्हणजे हे सगळं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, माउस जोडून क्लिक केलं. तरीही शांतता! टीव्हीचा आवाजच शून्यावर होता आणि रिमोट, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, दातांच्या साच्यांच्या खणात.

आवाज वाढवला आणि खोलीत घुमलं, "कडक, कुरकुरीत, गुळाची चिक्की—"

मग चार सेकंद काही नाही. पुन्हा, "कडक, कुरकुरीत, गुळाची चिक्की—"

दाताच्या दवाखान्यात. दर पंधरा सेकंदांनी. हे स्टेशन नव्याने जोडलं की आधी जाहिरात ऐकवायचं, आणि मी रेडिओ टांगला होता तो एकेका चित्राला. चित्र बदललं की रेडिओ मेला, पुढच्या चित्राला पुन्हा जन्मला, पुन्हा चिक्की. मधल्या चार सेकंदांत आतलं ड्रिल अगदी स्वच्छ ऐकू येई. दोन पेशंट गाडी बघायला गेले. आजोबा मात्र खुशीत होते. "चिक्की खाऊनच तुटला," म्हणाले.

शेवटी रेडिओला चित्रांपासून वेगळा काढून स्वतंत्र थरात बसवला आणि एक अख्खं गाणं वाजलं. तोवर चार तास झाले होते. 128 केबीपीएसने (सेकंदाला 128 किलोबिट) दहा तासांना पावणेसहाशे एमबी डेटा जातो, हे मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

क्लिकचा प्रश्न रिसेप्शनच्या मावशींनी सोडवला. रोज सकाळी डबी सुरू झाली की त्या आधी गणपतीला उदबत्ती ओवाळतात, मग माउसला, आणि मग क्लिक करतात. दसऱ्याला त्याला हळदकुंकूही वाहिलं. डावं बटण तेव्हापासून जरा चिकटतं.