सोनं रोग ओळखत नाही

"सोन्याच्या नॅनोकणांचा नवा सेन्सर आला! रक्ताचा एक थेंब टाका, सोनं रंग बदलतं आणि ५ सेकंदांत कुठलाही रोग सांगतं. एक रेणूसुद्धा सुटत नाही. ना रसायन, ना प्रयोगशाळा." हा मजकूर पुन्हा फिरतोय. सोन्याचे कण रंग बदलतात एवढं त्यातलं खरं. बाकीचं बघू.

"सोनं रोग सांगतं." खरी गफलत इथे आहे. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबीला एकत्र झुलू लागतात. हे झुलणं म्हणजे प्लाझमॉन, आणि ठरावीक तरंगलांबीलाच ते जोरात होतं, हा प्लाझमॉन अनुनाद. पाण्यातल्या २० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांसाठी ती तरंगलांबी ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या पट्ट्यात येते. हिरवा शोषला जातो, म्हणून द्रावण माणकासारखं लाल दिसतं. कणाला काही चिकटलं की लगतचा अपवर्तनांक (प्रकाश तिथे किती मंदावतो याचं माप) बदलतो आणि अनुनादाची तरंगलांबी किंचित सरकते. सेन्सर वाचतो तो एवढा सरकाव. काय चिकटलं, याचा त्याला पत्ता नसतो. ओळखण्याचं काम सोन्यावर बसवलेली प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक रेणूलाच पकडणारी प्रथिनं, करतात आणि प्रत्येक लक्ष्याला प्रतिपिंड वेगळं लागतं. मग "कुठलाही रोग" कुठून येणार? आणि ती प्रतिपिंडं सोन्यावर टिकवून बसवायची म्हणजे रसायनच आलं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर त्या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाका. बघता बघता ते जांभळट-निळं होतं. रोग कुठेच नाही. कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार मिठाने झाकला गेला आणि ते गोळा झाले, इतकंच. रक्तातही मीठ असतंच.

"रक्ताचा थेंब टाका." रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ७० मिलिग्रॅम प्रथिनं असतात. आपण शोधतो ती रोगाची खूण, म्हणजे त्याचा सुगावा देणारं प्रथिन, कित्येकदा नॅनोग्रॅममध्ये मोजावी लागते. एक नॅनोग्रॅम धरली, तर तिच्याभोवती ७ कोटी पट गर्दी झाली! त्या गर्दीतलं बरंच काही सोन्याला सहज चिकटतं, आणि सेन्सर तेही इमानेइतबारे मोजतो. म्हणून पृष्ठभागावर चिकटणं रोखणारा थर देतात, शेजारी प्रतिपिंड नसलेली तुलनेची वाहिनी ठेवतात आणि एकातून दुसरं वजा करतात.

"एक रेणूसुद्धा सुटत नाही, ५ सेकंदांत." सोन्याच्या एकेका नॅनोकांडीवर एकेक प्रथिन टिपण्याचे प्रयोग झालेत, आणि ते थक्क करणारे आहेत. पण तिथे टिपला जातो तो कांडीवर येऊन बसलेला रेणू. थेंबात भटकणाऱ्याचं काय? प्रतिपिंडाएवढं प्रथिन पाण्यात आपसूक पसरत ५ सेकंदांत जेमतेम २० मायक्रोमीटर सरकतं. केसाची जाडीही त्याहून जास्त असते. एक मिलिमीटर जायला त्याला तीन तासांहून जास्त लागतात. सेन्सर कितीही तल्लख असो, पाहुणा दारापर्यंत यायला हवा ना!

"ना प्रयोगशाळा." पाण्याचा अपवर्तनांक एका अंश सेल्सिअसला साधारण एक दशसहस्रांशाने बदलतो. चांगली उपकरणं एक दशलक्षांश बदलही वाचतात. म्हणजे तापमान अंशाच्या शंभराव्या भागाने हललं तरी खोटा संकेत तयार. याच तत्त्वावर, पण कणांऐवजी सोन्याच्या सपाट पातळ थरावर चालणाऱ्या उपकरणांना तापमान काटेकोर राखावं लागतं ते यासाठीच. नॅनोकणांना इथे थोडी सवलत आहे, हे मान्य करायला हवं. प्रकाशाने त्यांच्याभोवती जागवलेलं विद्युतक्षेत्र १०-३० नॅनोमीटरपर्यंतच पोहोचतं, सपाट थराचं २०० पर्यंत, त्यामुळे दूरच्या पाण्याची लुडबुड कमी होते. कमी म्हणजे शून्य नव्हे.

"नवा"? जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑटो आणि क्रेचमन यांनी प्रिझमने धातूच्या सपाट थरावर प्लाझमॉन जागवले १९६८ मध्ये. स्वीडनमध्ये लीडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रोम यांनी त्यावर जैविक सेन्सर दाखवला १९८३ मध्ये. १९९० पासून तयार उपकरण विकत मिळतं.

यावर कुणीतरी हमखास घरगुती चाचणीपट्टीवरची लाल रेघ पुढे करतं: "हे बघा, सोनंच आहे!" बऱ्याच पट्ट्यांत ते असतंही आणि त्याचा लाल रंगही प्लाझमॉनचाच. पण तिथे सरकाव कुणी मोजत नाही, सोनं नुसता रंग म्हणून वापरलेलं असतं. रेघ कुठे उमटायची ते पट्टीवर आखून ठेवलेलं प्रतिपिंड ठरवतं, तेही एकाच लक्ष्यासाठी, आणि ती उमटेपर्यंत काही मिनिटं थांबावं लागतं.