‘हो सर, कुठेही, कधीही’ हे उत्तर नव्हे

नोकरी शोधणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला गेले काही महिने फिरतोय. माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि विचारलं, ‘मामा, हे बरोबर आहे ना?’ सल्ला थोडक्यात असा: मुलाखतीत ‘कामासाठी प्रवासाची तयारी आहे का?’ असं विचारलं की क्षणाचाही विचार न करता ‘हो सर, एनीटाइम, एनीव्हेअर’ म्हणायचं. हा प्रश्न फक्त ॲटिट्यूड बघायला असतो. किती दिवस, भत्ता किती, सुट्टीचं काय, यातलं काही विचारलं की नाव कटलंच. लग्न झालेल्या मुलींनी ‘घरच्यांची काही हरकत नाही’ हे आपणहून सांगून टाकावं. आणि एकदा ऑफर लेटर हातात पडलं की घरचं कारण सांगून प्रवास टाळता येतोच.

भाच्याशी फोनवर बोललो, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. औषधाच्या गोळ्या पट्टीत भरणारी यंत्रं, म्हणजे ब्लिस्टर मशीन, बनवणाऱ्या कारखान्यात मी सर्व्हिस विभाग सांभाळतो. त्याआधी बारा वर्षं स्वतः बॅग आणि टूलकिट घेऊन फिरलो. हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय आणि आता मीच तो विचारतो. त्या सल्ल्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मुलांचं नुकसान करणारं आहे, म्हणून एकेक घेऊन लिहितो.

‘हा प्रश्न फक्त ॲटिट्यूड बघायला असतो.’ नाही. आमची यंत्रं जिथे औषधं बनतात तिथे जातात: हिमाचलात बद्दीला, उत्तराखंडात हरिद्वारला, गुजरातेत अंकलेश्वरला, मध्य प्रदेशात पीथमपूरला, गोव्यात वेर्ण्याला, थेट सिक्कीममध्ये रंगपोला. ट्रकने यंत्र पोहोचलं की त्याच्यामागे माणूस जावाच लागतो. यंत्र उभं करायचं, विजेची आणि हवेच्या दाबाची जोडणी तपासायची, ट्रायल बॅच काढून दाखवायची, तिथल्या क्वालिटीवाल्यांच्या कागदांवर सह्या घ्यायच्या. दोन-तीन आठवडे सहज जातात. बद्दीला जायचं तर चंदीगडपर्यंत विमान आणि पुढे रस्त्याने तास-दीड तास, ते सोपं. रंगपोला बागडोगऱ्याहून तिस्तेच्या काठाने जाणारा रस्ता मात्र पावसाळ्यात दरड कोसळून बंद पडतो. तिथे गेलेला माणूस ठरलेल्या तारखेला परत येईलच, असा शब्द मी त्याच्या घरच्यांना देऊ शकत नाही.

माझ्याकडे सहा माणसं आहेत. मुलाखतीत प्रवासाचं विचारतो तेव्हा पुढच्या तीन महिन्यांत कोण कुठे असेल याची मांडणी माझ्या डोक्यात चालू असते. मला माहिती हवी असते. अर्थात, ज्या नोकरीत वर्षातून एकदा मुंबईच्या हेड ऑफिसला मीटिंगला जायचं असतं, तिथे हा प्रश्न खरंच उपचाराचा असतो आणि साधं ‘हो’ पुरतं. तेवढ्यापुरता तो सल्ला बरोबर आहे.

आता ‘एनीटाइम, एनीव्हेअर’. या दोन शब्दांवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण मुलांना वाटतं की यातून उत्साह दिसतो. दिसतं एवढंच, की समोरच्याने नेमकं काय विचारलं हे यांनी ऐकलं नाही. प्रवास या एका शब्दात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात. सकाळी जाऊन रात्री घरी येणं. दोन-चार रात्री बाहेर मुक्काम. महिना-दोन महिने एकाच साईटवर राहणं. आणि बदली, म्हणजे बिऱ्हाडासकट दुसऱ्या गावी जाणं. औषध कंपनीच्या एमआरला, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या प्रतिनिधीला, हे बरोबर कळतं. त्यांच्याकडे हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन आणि आउटस्टेशन असे सरळ भागच पाडलेले असतात. एक्स-स्टेशनला गेलेला माणूस रात्री घरी जेवायला असतो, आउटस्टेशनला गेलेला नसतो. पहिल्या वर्षाचा एमआर हा फरक विचारून घेतो, मग इंजिनिअर झालेल्या मुलाने का विचारू नये?

जाहिरातीत ‘50 टक्के प्रवास’ लिहिलेलं असतं. महिन्यात 22 कामाचे दिवस धरले तर ते 11 दिवस होतात. पण सोमवारी सकाळी नऊला गिऱ्हाइकाच्या गेटवर उभं राहायचं तर रविवारी दुपारी घर सोडावं लागतं. चार आठवड्यांत चारदा निघालात तर चार रविवार गेले. ते त्या 11 दिवसांत मोजलेले नसतात. ‘कुठेही’ म्हणणाऱ्या मुलाला मी विचारतो, ‘बांगलादेशला मशीन चाललंय, पासपोर्ट आहे का?’ नसतो. म्हणजे ‘कुठेही’ तिथेच संपतं.

याहून महत्त्वाचा एक फरक आहे, आणि तो बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतो. ठरवून केलेला प्रवास वेगळा आणि ब्रेकडाऊनचा प्रवास वेगळा. इन्स्टॉलेशनची तारीख तीन आठवडे आधी कळते. ब्रेकडाऊनचा फोन संध्याकाळी सहाला येतो, लाइन बंद पडलेली असते, गिऱ्हाईक तासातासाला फोन करतं, आणि माणूस त्याच रात्री निघावा लागतो. महिन्यात पंधरा दिवस बाहेर राहू शकणारा माणूस अचानक निघू शकेलच असं नाही, आणि अचानक निघू शकणाऱ्याला सलग तीन आठवडे बाहेर राहणं जमेलच असंही नाही.

काही वर्षांपूर्वी सोलापूरकडचा एक डिप्लोमा झालेला मुलगा मुलाखतीला आला होता. त्याचं उत्तर मला अजून आठवतं: ‘सर, महिन्यातले दहा-बारा दिवस मी बाहेर राहू शकतो. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, ते मी आणि भावाने वाटून घेतलंय. दोन दिवस आधी कळलं तर भाऊ सांभाळून घेतो. त्याच रात्री निघणं मला महिन्यातून एकदाच जमेल, जास्त नाही.’ त्या दिवशी आलेल्या सात जणांत प्रवासाबद्दल आकडा सांगणारा तो एकटाच होता. त्याला घेतलं आणि इन्स्टॉलेशनच्या कामावर टाकलं. त्याने दिलेली एकही तारीख चुकवली नाही. त्या सल्ल्याप्रमाणे तो ‘कधीही’ म्हणाला असता, तर मी त्याला ब्रेकडाऊनला लावला असता आणि दोन महिन्यांत तो नोकरी सोडून गेला असता, किंवा आईला सोडून साईटवर तळमळत बसला असता.

‘भत्त्याचं विचारलं की नाव कटलं.’ आपल्याकडे म्हणतात, भीड भिकेची बहीण. मी ते पहिल्या नोकरीत भोगलंय. तिकीट, लॉज, जेवण सगळं आधी स्वतःच्या खिशातून करायचं आणि परत येऊन बिलं जोडायची, अशी त्या कंपनीची पद्धत होती. मला ती रुजू झाल्यावर कळली, कारण मुलाखतीत मी विचारलंच नव्हतं. पगार हातात यायचा त्यातला निम्मा दौऱ्यावर खर्च व्हायचा आणि बिलं पास व्हायला दोन-दोन महिने लागायचे. खोलीवरच्या मित्राकडून उसने पैसे घेऊन मी कंपनीचं काम करायला जात होतो. एका हॉटेलवाल्याने छापील बिल दिलं नाही म्हणून तीन रात्रींचे पैसे कायमचे गेले.

म्हणून विचारा, पण कधी विचारायचं ते जाणून विचारा. खोलीत शिरल्याशिरल्या नको. समोरच्याने प्रवास किती आणि कुठे हे सांगितलं की त्याच ओघात, किंवा एचआरच्या फेरीत. ‘दौऱ्याला निघताना ॲडव्हान्स मिळतो की खर्च आधी आपण करायचा?’ ‘रोजचा भत्ता ठरलेला आहे की बिलाप्रमाणे?’ ‘रविवार प्रवासात गेला तर बदली सुट्टी मिळते का?’ हे तीन प्रश्न साध्या आवाजात विचारले तर कोणताही शहाणा माणूस चिडत नाही. उलट याने दौरा म्हणजे काय याचा विचार केलाय हे लक्षात येतं. आणि खरंच कुणी चिडलं, तर ती बिलं कशी पास होणार आहेत हे तुम्हाला मुलाखतीतच कळलं.

मुलींना दिलेला सल्ला वाचून मला राग आला, आणि वाईटही वाटलं. ‘घरच्यांची हरकत नाही’ हे आपणहून सांगायचं म्हणजे काम करण्याची परवानगी दुसऱ्या कुणाकडे आहे हे आपणच कबूल करायचं. मुलांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या काळात मुलींना ‘मिस्टरांना चालेल का?’ असं विचारलंय. ते चूक होतं. एका मुलीने मला शांतपणे सांगितलं, ‘सर, दिवस आणि ठिकाणं सांगा, मी जमेल की नाही ते सांगते.’ त्यानंतर मी तो प्रश्न कधी विचारला नाही. तिचं ते वाक्य मी आता भाच्याच्या मैत्रिणींनाही सांगतो. कुणी नवऱ्याचं किंवा सासूचं काढलं, तर उत्तर कामाचं द्या: इतके दिवस जमेल, इतकी पूर्वसूचना लागेल.

आणि मुलींनी उलट विचारायलाच हवं असं बरंच आहे. रात्री उशिरा पोहोचलं तर स्टेशनवरून गाडी असते का? राहायचं कुठे, आणि ते कोण ठरवतं? साईटवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का? औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी जुन्या शेडमध्ये ते नसतं किंवा पार दुसऱ्या टोकाला असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा इथे माहीत असावा. त्यात कामाचं ठिकाण म्हणजे फक्त ऑफिस नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहनसुद्धा त्यात येतं. बद्दीच्या कारखान्यात काही घडलं तर ‘ते आपल्या आवारात झालं नाही’ म्हणून तुमची कंपनी हात झटकू शकत नाही. कंपनीची तक्रार समिती कुठे आहे हे दौऱ्यावर निघण्याआधी माहीत करून घ्या.

शेवटचं वाक्य उरतं: ‘पुढे घरचं कारण सांगून टाळता येतं.’

हो, टाळता येतं. पहिल्या वेळी. बहुतेक ठिकाणी पहिले सहा महिने प्रोबेशनचे असतात आणि नेमणूक पत्रात ‘कंपनी सांगेल तिथे जावं लागेल’ असं वाक्य असतं, ज्याखाली तुम्ही सही केलेली असते. पण त्याची भीती घालायला मी हे लिहीत नाही. घरचं कारण खरंही असतं. नोकरी लागल्यावर वडिलांना झटका येतो, बायकोला दिवस राहतात, आणि अशा वेळी साहेबाला सरळ सांगणाऱ्या माणसाची सोय करणं हे आमचं कामच आहे. मुलाखतीच्या दिवशीच पुढे टाळायचं ठरवून ‘हो’ म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे, कारण यंत्र तर बंद पडलेलंच असतं. कुणीतरी जावंच लागतं.

आमच्याकडे एकाने असंच केलं. मुलाखतीत छाती पुढे काढून ‘कुठेही’ म्हणाला होता. रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात रंगपोचं काम आलं आणि त्याच्या घरी अडचण निघाली. मग माझ्या विभागातल्या सगळ्यात जुन्या माणसाला मी पाठवलं. तो चारच दिवसांपूर्वी हरिद्वारहून आला होता. जाताना काही बोलला नाही. पुढे पाऊस लागला, रस्ता बंद झाला, आणि त्याच्या मुलीचं बारसं त्याने फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. ज्याने दौरा टाळला त्याला हे कधी कळलंही नाही.

मला ठाऊक आहे, घरी कर्जाचा हप्ता असतो, वडील रिटायर झालेले असतात, आणि ‘जमणार नाही’ म्हणायची ऐपत नसते. त्यांनी नाही म्हणावं असं मी सांगत नाही. त्यांनी मुदत सांगावी: ‘पहिली दोन वर्षं मी महिन्याचे पंधरा-अठरा दिवस फिरू शकतो, नंतर मला कमी प्रवासाचं काम लागेल.’ असं सांगणाऱ्याला मी आजवर नाकारलेलं नाही.

त्या बारशानंतर मी मुलाखतीतला प्रश्न बदलला. आता मागच्या महिन्याचं आमचं दौऱ्यांचं वेळापत्रक, नावं झाकून, टेबलावर ठेवतो आणि विचारतो, ‘यातला कोणता दौरा तुम्हाला जमला नसता?’ बहुतेक मुलं आधी ‘सगळे जमले असते’ म्हणतात. मी थांबतो. मग ती कागद जवळ ओढतात आणि तारखा वाचायला लागतात. सगळीकडे असा कागद समोर येणार नाही. न आल्यास मागा: ‘सर, या जागेवरच्या माणसाचा मागचा महिना कसा गेला, ते सांगाल का?’