‘सजावट’ हा शब्द पटला नाही
रॉकमधला सॅक्सोफोन म्हणजे ‘गिटारला दम खाता यावा म्हणून केलेली सजावट’, हे लेखातलं वाक्य खटकलं. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं १९७३ चं ‘मनी’ हे गाणं पुन्हा ऐका. गाणं सात मात्रांत चालतं आणि डिक पॅरी यांचा टेनर सॅक्सोफोन त्याच सात मात्रांत वाजतो. गिटारचा सोलो (एकट्या वाद्याचा तुकडा) सुरू होतो तेव्हा मात्र ताल चारवर येतो! म्हणजे अवघड वाट सॅक्सोफोनच्या वाट्याला आली. सात मात्रांच्या रूपक तालाची सवय असलेल्यांना सातचं नवल नाही, पण मी तबल्यावर हात धरून त्या सोलोची साथ करायला बसलो की पॅरींचा श्वास कुठे तुटतो हे शोधण्यातच गुंततो. सुरांचं वाक्य समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, संपवायची त्यांना अजिबात घाई नसते.

सॅक्सोफोनवादक बॉबी कीज यांच्याबद्दल तर लेखात एकच ओळ. रोलिंग स्टोन्स या बँडच्या ‘ब्राउन शुगर’ या गाण्यात मधला सोलो गिटारचा नाहीच, तो कीज यांचा आहे. तो काढून टाकला तर गाण्याच्या मध्यावर उरतं काय? आणि सॅक्सोफोनवादक क्लॅरन्स क्लेमन्स? ‘बॉर्न टू रन’ या १९७५ च्या अल्बमच्या कव्हरवर रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन ज्यांच्या खांद्यावर रेललेत, ते क्लेमन्सच. २०११ मध्ये ते गेल्यावर स्प्रिंगस्टीन यांच्या पुढच्या दौऱ्यात क्लेमन्स यांचे पुतणे जेक सॅक्सोफोन घेऊन उभे राहिले. सजावटीसाठी कोणी वारस शोधत नाही.