प्रवासी कबुतर आणि कोआला: तुलना ठेवतोय, एक वाक्य मागे घेतोय

नमस्कार. माझ्या लेखात मी ऑस्ट्रेलियातल्या कोआलाची तुलना उत्तर अमेरिकेतल्या, आता नामशेष झालेल्या प्रवासी कबुतराशी केली होती. त्यावर सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की ही तुलना ओढूनताणून केली आहे: कबुतर शिकारीनं संपलं, कोआलाच्या शिकारीवर कधीचीच बंदी आहे, आणि कोआला अजून पुष्कळ आहेत.

‘दोघांची गोष्ट एकच’ हे माझं वाक्य चुकलंच. तुम्ही म्हणता तसं, प्रवासी कबुतर प्रचंड थव्यात वीण करायचं, कोआला एकलकोंडा. थवा मोडल्यावर कबुतराची वीण खुंटली, ते कोआलाला लावता येत नाही.

पण ‘अजून पुष्कळ आहेत’ हे पटत नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या पेटॉस्कीजवळ १८७८ साली कबुतरांची अफाट वसाहत होती. तारेनं खबर गेली, शिकारी आगगाडीनं आले, पिंपं भरभरून पक्षी शहरांत गेले. मादी एका विणीला एकच अंडं घालायची. भर निघणार कशी? १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची कबुतराची मादी मेली. जातीतली ती शेवटची. तिला बर्फाच्या लादीत गोठवून वॉशिंग्टनला धाडलं.

कोआलाही वर्षाला फार तर एकच पिल्लू देते, आणि ते सहा महिने पोटपिशवीत असतं. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याच्या सरकारनं महिनाभर शिकार खुली केली, तेव्हा पाच लाखांवर कोआला फरसाठी मारले गेले. तेव्हाही ‘पुष्कळ’ होतेच.

आता झाडं तुटतात. मग कोआला जमिनीवरून चालत पुढचं झाड शोधतो आणि गाडीखाली किंवा कुत्र्याच्या तोंडी सापडतो. त्यात क्लॅमिडिया या जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाची साथ. गेल्या सप्टेंबरात पहाटे ब्रिस्बेनमधल्या आमच्या गल्लीत एक मादी कुंपणाच्या खांबाला बिलगून बसली होती. डोळे सुजून चिकटलेले, मागची लव ओली, तपकिरी. हा रोग मादीला वांझ करतो. मोजणीत मात्र तीही एक कोआलाच.

दक्षिणेतल्या व्हिक्टोरिया राज्यात काही ठिकाणी कोआला जास्त झालेत, हे खरं. पण त्यातले बरेचसे बेटांवर नेऊन वाचवलेल्या मूठभर जनावरांचे वंशज आहेत, त्यांच्यात जनुकीय विविधता कमी. त्यांना धरून देशाचा एकच आकडा काढला की उत्तरेतली घट झाकली जाते. क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशातला कोआला २०१२ साली देशाच्या यादीत ‘असुरक्षित’ होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला त्याहून गंभीर, ‘संकटग्रस्त’ ठरवावं लागलं.

‘गोष्ट एकच’ हे वाक्य आज काढतोय. तिथे तुमचा थव्याचा मुद्दा घालीन.