कशाच्या जागी?

गेले तीन आठवडे गुंतवणुकीचा एक फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. जेवणाऐवजी प्यायचं पेय बनवणारी कंपनी आहे. वाटाण्याचं प्रोटीन, ओट्स, जवस आणि वरून जीवनसत्त्वं, खनिजं. दुधाचा अंश नाही. मी दीड वर्ष तेच पिते आहे. आता कंपनीने क्राउडफंडिंग काढून गिऱ्हाइकांनाच शेअर देऊ केलेत. नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते या धंद्यातल्या प्रत्येक कंपनीला लागू आहे.

आधी हे स्पष्ट करते की मला हे पेय मनापासून आवडतं. माझ्या ड्युट्या बारा तासांच्या असतात आणि मधली सुट्टी कधी मिळेल याचा भरवसा नसतो. लॉकरमध्ये शेकर असतो. आधी पाणी, मग पावडरचे मापाचे दोन मोठे चमचे, मग झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवायचं. क्रम उलटा झाला की तळाशी कोरडा गोळा बसतो आणि तो चमच्याने खरवडून काढावा लागतो. शंभर ग्रॅम पावडर, साधारण चारशे कॅलरी, दोन मिनिटांत काम झालं. पूर्वी त्या वेळी मी मशीनमधलं बिस्किटाचं पाकीट फोडायचे, नाहीतर उपाशीच राहायचे. दुपारी तीनला हात थरथरायचे, ते थांबलं. त्यामुळे ही कंपनी टिकावी असं मला खरंच वाटतं.

पण टिकावी असं वाटणं वेगळं आणि पैसे घालणं वेगळं.

गुंतवणूकदारांसाठीची त्यांची पुस्तिका मी दोनदा वाचली. पहिला मोठा भाग पृथ्वीवर आहे. ‘शाश्वत’ हा शब्द पानोपानी. पुढे बाजारपेठ, वाढीचा आलेख, संस्थापकांचे फोटो. एक प्रश्न मात्र कुठेही नाही. लोक हे पितात ते कशाच्या जागी?

‘जेवणाऐवजी’ हा शब्द उत्पादनाच्या नावातच आहे, म्हणून हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. जे बाजूला सारलं ते काय होतं, यावर पर्यावरणाचा हिशेबही ठरतो आणि धंद्याचाही.

पर्यावरणाचं आधी बघू. पूर आणि नेमेचेक या दोन संशोधकांचा २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास या विषयात सगळे वापरतात. ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती त्यांनी एकत्र केली. माणसाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी साधारण २६ टक्के अन्नातून येतात, असं त्यातून निघालं. गोमांसासाठीच पाळलेल्या जनावरांपासून शंभर ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर सरासरी ५० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. वाटाण्यातून तेवढीच प्रथिनं अर्ध्या किलोच्याही आत येतात. फरक शंभरपटीहून जास्त. म्हणजे कुणी गोमांसाचं रोजचं एक जेवण सोडून हे पेय घेत असेल तर टाळ्याच वाजवायला हव्यात.

आणि तोच माणूस आधी साधं डाळी-धान्याचं जेवण जेवत असेल तर? मग बचत जवळजवळ नाही. उलट वाटाण्यातून प्रोटीन वेगळं काढायचं, ते वाळवून त्याची भुकटी करायची, याला वीज आणि उष्णता लागतेच. पाकीट आलं, कुरिअर आलं. एकच पेय एका घरात पृथ्वीवरचा भार हलका करतं आणि शेजारच्या घरात थोडा वाढवतं. पुस्तिकेत मात्र तुलनेला थेट मांसाचं जेवण घेतलंय आणि तो फरक प्रत्येक विकलेल्या पाकिटाने गुणलाय. माझ्या दीड वर्षाच्या पाकिटांनीही गुणलाय. माझ्याकडे तर बिस्किटं गेली! पृथ्वीचं माझ्यामुळे फारसं काही वाचलं नाही, माझी तब्येत वाचली. तीही मोठी गोष्ट आहे, पण मग तीच सांगा.

आता धंदा. इथे इतिहास फार बोलका आहे. मीड जॉन्सन कंपनीने १९५९ मध्ये मेट्रेकल आणलं. दिवसाला ९०० कॅलरी, जेवण बंद, वजन कमी. काही वर्षं अमेरिकेत त्याची लाट होती, मग ओसरली. १९७७ मध्ये तसंच वजन कमी करायचं स्लिमफास्ट आलं. एप्रिल २००० मध्ये युनिलिव्हरने ते सुमारे २.३ अब्ज डॉलरना घेतलं. पुढच्या काही वर्षांत पिष्टमय पदार्थ टाळण्याच्या डाएटची लाट आली आणि स्लिमफास्टचा खप कोसळला. २०१४ मध्ये युनिलिव्हरने त्यातला मोठा हिस्सा विकला आणि २०१८ मध्ये ग्लॅनबियाने ते ३५ कोटी डॉलरना घेतलं. अठरा वर्षांपूर्वीच्या किमतीच्या जेमतेम पंधरा टक्के.

याउलट अॅबटचं एन्शुअर १९७३ पासून आजही आहे. ते नेमकं कशाच्या जागी आहे हे घेणाऱ्याला माहीत असतं. ज्याला जेवण जात नाही, चावता येत नाही, आजारातून उठायचंय, त्याच्या न गेलेल्या जेवणाच्या जागी. ही गरज फॅशनबरोबर जात नाही.

सॉयलेंटची गोष्ट तर मी पूर्वी फार उत्साहाने सांगायचे. २०१३ मध्ये रॉब राइनहार्ट या तरुण इंजिनिअरने सगळ्याच जेवणाच्या जागी एकच पेय अशी कल्पना मांडली. लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरहून जास्त जमले. पुढे अँड्रीसन होरोविट्झ, गूगलचा गुंतवणूक विभाग असे मोठे पैसेवाले आले, २०१७ च्या एकाच फेरीत पाच कोटी डॉलर आले. २०१६ मध्ये लोकांना पोटाचा त्रास झाला म्हणून बार परत मागवावे लागले, पावडरीची विक्री थांबवावी लागली. २०२३ मध्ये स्टार्को ब्रँड्सने ती कंपनी विकत घेतली. माझ्या मते त्यांची खरी चूक ‘सगळ्याच्या जागी’ म्हणण्यात होती. माणूस जेवण पूर्णपणे सोडत नाही. ज्यांना सोडायचं होतं ते थोडे होते, आणि ते सुरुवातीलाच भेटून संपले. ब्रिटनच्या ह्यूएलने २०१५ मध्ये सुरुवात करून हळूहळू ‘घाईतला नाश्ता, टेबलावरचं दुपारचं खाणं’ एवढ्यावर जोर दिला. जुलै २०२४ ला संपलेल्या वर्षात त्यांची विक्री २१ कोटी पौंडांच्या पुढे होती, आणि नफाही होता.

म्हणून माझ्या मते या धंद्यात बघायचा आकडा एकच. पहिल्यांदा घेणारे किती, हा नव्हे, तर वर्षानंतरही घेणारे किती आणि ते कोणत्या वेळचं खाणं बदलून घेतात. जाहिरातीचा पैसा ओतला की नवं गिऱ्हाईक येतंच. वजन कमी करायला आलेला बहुतेकदा काही महिन्यांत जातो. मग त्याच्या जागी दुसरा आणायला पुन्हा जाहिरात.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. उभारलेल्या पैशातला मोठा वाटा तयार बाटल्या आणि खोके दुकानांत उतरवायला जाणार आहे. वाढ तिथेच दिसते, हे खरं. पण पावडर शंभर ग्रॅम आणि तेवढ्याच कॅलरीचं तयार पेय अर्धा लिटर. पाचपट वजन, आणि जास्तीचं जवळजवळ सगळं पाणी. मी त्यांचा एक रिकामा खोका कात्रीने कापला आणि रात्रभर पाण्यात भिजवला. सकाळी तो सोलला. वरचा कागद लगद्यासारखा सुटला. आत अॅल्युमिनियमचा तलम पापुद्रा, त्याला दोन्हीकडून चिकटलेलं प्लास्टिक. नखाने वेगळं करायचा प्रयत्न केला, फाटतं पण सुटत नाही. हे थर वेगळे करायला खास यंत्रणा लागते, आणि ती नसेल तिथे खोका कचऱ्यात जातो. अन्नाच्या एकूण भारात वाहतूक आणि वेष्टन यांचा वाटा शेतीच्या मानाने लहान आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या कंपनीचा सगळा जोर ‘शाश्वत’ या शब्दावर आहे, तिला माझाच पैसा पावडरीकडून खोक्याकडे ढकलणार असेल तर मी नेमकी कशात गुंतवणूक करतेय?

ओट्सचं दूध बनवणाऱ्या ओटली कंपनीचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. ते जेवणाचं पेय नव्हे, पण भावना हीच. मे २०२१ मध्ये तिचा शेअर १७ डॉलरला बाजारात आला, कंपनीने घाईघाईने कारखाने उभारायला घेतले, आणि २०२३ संपेपर्यंत शेअर दीड डॉलरच्याही खाली होता. टेक्सस आणि ब्रिटनमधले अर्धवट कारखाने सोडून द्यावे लागले. ओट्सच्या दुधात खोट नव्हती. वाढीची घाई नडली.

आणि अटी वाचा, कृपा करून वाचा. क्राउडफंडिंगमधून मिळणारे शेअर बहुतेकदा साधे असतात, मोठ्या फंडांचे अग्रहक्काचे, म्हणजे कंपनी विकली तर पैसे आधी मिळणारे. समजा कंपनी शंभरला विकली गेली आणि अग्रहक्कवाल्यांचे ऐंशी आधी द्यायचे असतील, तर आपण सगळे मिळून उरलेल्या विसात. ब्रूडॉग या बिअर कंपनीत २०१७ मध्ये आलेल्या टीएसजी या फंडाला तर दरवर्षी १८ टक्के चक्रवाढीने वाढणारा अग्रहक्क मिळाला होता. छोट्या भागधारकांनी किती प्रेमाने पैसे घातले, याला त्या रांगेत किंमत नसते. शिवाय हे शेअर मनात आलं म्हणून विकता येत नाहीत.

दाव्यांचा काळही बदलतोय. निव्वळ झाडं लावून किंवा कार्बन क्रेडिट घेऊन उत्पादनाला ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणायला युरोपीय संघाने बंदी केली आहे. तो नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू. पुस्तिकेतला हिरवा शिक्का नेमका याच प्रकारचा आहे.

मी कंपनीला पत्र लिहिलं आणि दोन प्रश्न विचारले. वर्षानंतर किती गिऱ्हाइकं उरतात? आणि ती हे कशाच्या जागी घेतात? चार दिवसांनी सौजन्यपूर्ण उत्तर आलं. पहिल्यावर ‘पुन्हा घेणाऱ्यांचं प्रमाण समाधानकारक आहे’, आकडा नाही. दुसऱ्यावर ‘असं आम्ही अजून विचारलेलं नाही, चांगली सूचना आहे’.

या उत्तरानंतर मी फॉर्म पुसला. माझ्या मैत्रिणीने भरला, आणि तिच्याशी यावर माझं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणते, चांगल्या कंपन्यांना आपल्यासारख्यांनी हात दिला नाही तर देणार कोण? तिचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. पण गिऱ्हाईक हे पितं ते काय सोडून, एवढं ज्यांनी विचारलेलं नाही, त्यांनी वाचवलेल्या कार्बनचा आकडा छापावा हे मला पटत नाही. पुढच्या फेरीत ही दोन उत्तरं आकड्यांत आली तर मी पहिल्या दिवशी पैसे भरेन.

पावडर चालूच आहे. काल महिन्याची ऑर्डर दिली. ऑर्डरच्या पानावर खाली सूचनांसाठी एक चौकट असते, ती मी आजवर रिकामी सोडायचे. काल तिथे लिहिलं : दुपारी तीन वाजता, बिस्किटाच्या पाकिटाच्या जागी.